राजाच्या झग्याचा कापलेला काठ

एका राज्यात एक ओकचे झाड होते, आणि त्या झाडाखाली राजा बसत असे. राज्याचे नाव मी सांगणार नाही. नाव सांगितले की लोक वाट विचारतात, आणि तिकडची वाट आता उरलेली नाही. द्राक्षमळ्यांचा, दगडी घंटाघरांचा आणि हाडे गोठवणाऱ्या हिवाळ्याचा तो देश होता, एवढे पुरे.

त्या देशाची एक रीत होती. राजाचा झगा निळा आणि घोळदार, जमिनीवर लोळणारा. ज्याला गाऱ्हाणे असेल त्याने यावे, झग्याचा काठ मुठीत धरावा आणि बोलावे. काठ मुठीत आहे तोवर राजाने उठायचे नाही, शिपायाने हात लावायचा नाही, प्रधानाने मध्ये तोंड घालायचे नाही. बोलणे संपले की माणूस आपणहून काठ सोडी, आणि मगच राजा निवाडा देई. एकदा एक म्हातारी तीन दिवस काठ धरून बसली होती. तक्रार शेजारणीच्या कोंबड्याची. त्या वेळच्या राजाने तीनही दिवस ऐकले, आणि कोंबडा दोषी ठरला. हसू नका. त्या काठावर तो देश उभा होता.

राज्याभिषेकाची रीतही वेगळी. ओकच्या फांदीवर एक पांढरे कबूतर राही. नवा राजा बसला की ते चोचीत काचेची कुपी घेऊन खाली येई आणि तेलाचा एकेक थेंब राजाच्या दोन्ही कानांना लावी. कपाळाला नव्हे, हातांना नव्हे. तिथे राजाचे काम ऐकणे हेच होते.

अशा गादीवर एमरिक नावाचा राजा आला. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला त्याचा राग येणार आहे. त्याने नद्यांवर पूल बांधले, आंधळ्यांसाठी घर बांधले, राजधानीभोवती अशी भिंत उभारली की तिच्यावरून पाखरूही दमून जाई. रोज सकाळी तो ओकखाली बसे आणि मनापासून ऐके. लोक त्याला 'न्यायी एमरिक' म्हणू लागले, आणि ते नाव त्याच्या कानाला गोड लागले. तिथेच घात झाला.

समुद्रापलीकडे काळ्या बेटावर एका जादूगाराजवळ सोन्याचे लिलीचे फूल होते. ते ज्याच्या घरात, त्याचे नाव जगाच्या ओठांवरून कधी पुसले जात नसे. राजाने हे ऐकले आणि त्याची झोप उडाली. त्याने फर्मान काढले, 'येत्या उन्हाळ्यात चाळीस जहाजे हवीत.' बंदरावरचे सुतार म्हणाले, 'दोन उन्हाळे द्या.' राजा म्हणाला, 'एक.'

निघायचा दिवस उजाडला. राजा ओकखाली अखेरचा बसला होता. शेजारी घोडा तयार, घोड्याशेजारी एकोणीस वर्षांचा राजपुत्र रेनिए. सहा वर्षांची राजकन्या तिफेन दाईच्या कडेवर बसून भावाला हात हलवून निरोप देत होती. तेवढ्यात एक बाई गर्दीतून आली. जोडे फाटलेले, पायांना चिंध्या बांधलेल्या. तिने काठ मुठीत घट्ट धरला.

"महाराज, माझं नाव ओदील. बंदरावरच्या सुताराची मी बायको. अकरा दिवस चालत आलेय. मला जे सांगायचंय ते..."

रणशिंग वाजले. वारा फिरला होता, सगळ्यांना हवा होता तोच वारा.

"बाई," राजा म्हणाला, "तुझं माणूस मोहिमेवर चाललं असेल. सगळ्यांचीच चालली आहेत. माझाही मुलगा येतो आहे. परत आलो की ऐकेन."

"परत आल्यावर नाही, महाराज. आत्ताच."

तिने काठ सोडला नाही. राजाने सूर्याकडे पाहिले, मुलाकडे पाहिले. मग तलवार उपसली. बाईने डोळे मिटले, पण मूठ उघडली नाही. राजाने हातभर काठ कापला आणि उठला.

"काठ तुझ्या हातातच आहे," तो हसून म्हणाला. "रीत काही मोडली नाही."

प्रधान म्हणाला, "वा!" दरबारी हसले. रेनिए हसला नाही. राजाने टाच मारली आणि धुरळा उडाला.

ओदील कापलेला काठ घेऊन तिथेच बसली. शिपायांनी तिला घरी जायला सांगितले. ती म्हणाली, "काठ माझ्या हातात आहे. माझं बोलणं अजून व्हायचंय." रीतीप्रमाणे तिला कुणी हात लावू शकत नव्हते. कुणी पाव आणून ठेवी, कुणी पाणी. पहिल्या हिवाळ्यात ती दगड झाली. थंडीने नव्हे, थंडीने माणूस मरतो. ती वाट पाहून दगड झाली.

चाळीस जहाजांपैकी काळ्या बेटावर तीन पोचली. बाकीच्यांचे काय झाले? समुद्राने गिळली, असे लोक म्हणाले. समुद्रावर काहीही ढकलावे, तो उलटून बोलत नाही. रेनिएचे जहाज बुडाले. राजाच्या लोकांनी मुलाला पाण्यातून काढले तेव्हा तो गार झाला होता. राजाने आपला निळा झगा, काठ कापलेला तोच, त्याच्याभोवती गुंडाळला आणि त्याला पुन्हा पाण्याच्या हवाली केले. बेटावर जादूगाराने लढाई केलीच नाही. त्याने लिली आपल्या हाताने काढून दिली. "घेऊन जा," तो म्हणाला, "मीही असंच काहीतरी गमावून आणली होती."

राजा परत आला. लिली सिंहासनाच्या मागे खोचली आणि नवा झगा चढवला. ओकखाली दगडाची बाई दिसली तेव्हा त्याने मान वळवली आणि माळ्याला सांगून तिच्यापुढे गुलाबाची दाट झुडपे लावून घेतली. मग पहिला फिर्यादी आला. त्याने काठ धरला, तोंड उघडले. राजाला ओकच्या पानांची सळसळ ऐकू आली, दूरची घंटा ऐकू आली, माणसाचा एक शब्द ऐकू आला नाही. राजाला वाटले, बिचारा मुका आहे. दुसरा आला, तिसरा आला. तेही मुके.

शाप तो हाच. राजाला गाणे ऐकू येई, स्तुती ऐकू येई, प्रधानाचे घोरणेसुद्धा ऐकू येई. गाऱ्हाणे तेवढे ऐकू येत नसे. लिहून दिले तर कागद कोरा दिसे. एक गाऱ्हाणे कापून टाकले, म्हणून पुढची सगळी त्याच्यापाशी येऊन मुकी झाली.

आणि राजाने काय केले? त्याने मान डोलावली. चेहरा पाहून अंदाजाने निवाडे देऊ लागला. एक शेतकरी आला होता, गिरणीवाल्याने त्याचे पाणी वळवले होते. राजाने त्याच्या डोळ्यांतले पाणी पाहिले आणि वाटले, याच्या घरचे कुणी वारले असावे. हुकूम झाला: याच्या गावात तीन दिवस घंटा वाजवा. घंटा वाजली. पाणी आले नाही, शेत करपले. तरी लोक 'न्यायी एमरिक' म्हणतच राहिले, कारण लिली त्यांच्या जिभेवर बसली होती. म्हणायचे नसले तरी तोंडातून तेच निघे. अशी वीस वर्षे गेली.

विसाव्या वर्षी राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, "ओकची पानं गळतील तोवर." त्याच्या जागी तिफेन बसली. आजारी राजाच्या जागी बसणाऱ्यालाही तेल लागे. कबूतर आले, तिच्या कानांना थेंब लावून गेले. संध्याकाळी ती बापाच्या खाटेशी आली. चेहरा उतरला होता.

"बाबा, लोक माझ्यासमोर तोंडं उघडत होते. पानं वाजलेली मला ऐकू आली. त्यांचे शब्द ऐकू आले नाहीत."

राजाने उशीवर मान वळवली.

"तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"होतं."

"किती वर्षं?"

"वीस."

"मग निवाडे कशावरून देत होतात?"

"चेहऱ्यावरून," राजा म्हणाला.

तिफेन रडली नाही, रागावली नाही. उठली आणि खिडकीशी जाऊन त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. राजाला तिची पाठ पाहवेना. आपल्यामागे पूल राहतील, भिंत राहील, नाव राहील, असे तो आजवर म्हणत आला होता. आता त्याला कळले की आपण पोरीला बहिरेपण ठेवून चाललो आहोत. बाकी सगळे दगडचुना होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो काठी टेकत ओकखाली गेला. कबूतर फांदीवर होते.

"हे कसं सुटेल?" राजाने विचारले.

"वीस वर्षं मी याच फांदीवर आहे," कबूतर म्हणाले. "आज विचारलंस."

"आज विचारतो आहे."

"मग ऐक. कापलेला काठ झग्याला परत शिवायचा. सुई त्याच तलवारीची हवी, जिने तो कापला. दोरा न ऐकलेल्या शब्दांचा हवा. आणि झगा तोच हवा, जिथे आहे तिथून आणलेला. तिन्ही गोष्टी मिळाल्या की शिवायचं, खाली बसायचं आणि ऐकायचं."

"मी प्रधानाला पाठवतो."

"काठ कापायला प्रधान आला होता का?" कबूतराने विचारले, आणि डोके पंखात घातले.

राजा एकटाच निघाला. आधी त्याने तलवार घेतली आणि राजधानीतल्या तिबो लोहाराकडे गेला. तिबोने ती भट्टीत घातली आणि ऐरणीवर ठोकली. जेवढे ठोकावे तेवढे लोखंड ठिणग्या होऊन उडून जाई. दुपारपर्यंत एवढ्या मोठ्या तलवारीची एक सुई उरली, गोणपाट शिवतात तेवढी. तिबोने ती पाण्यात बुडवली आणि काहीतरी बोलला. त्याचे ओठ हलले. राजाला फक्त सुईचा चर्र आवाज ऐकू आला.

इथे तो नेहमीसारखी मान डोलावू शकला असता. मान अर्धी हललीही होती. त्याने ती थांबवली.

"तिबो, तू गाऱ्हाणं सांगतो आहेस. मला ते ऐकू येत नाही. वीस वर्षं कुणाचंच येत नाही."

लोहाराने घण खाली ठेवला.

"मग माझ्या बापाच्या वेळी तुम्ही मान डोलावली, ती?"

"तशीच डोलावली."

"माझा बाप त्या मानेवर विसंबून घरी गेला होता, महाराज. मरेपर्यंत म्हणत होता, राजानं ऐकलंय, आता होईल."

तिबोने सुई त्याच्या तळहातावर ठेवली आणि पाठ फिरवली. मुजरा केला नाही. राजालाही तो घ्यायचा नव्हता.

मग दोरा. न ऐकलेले शब्द मरत नाहीत. वाऱ्यावर उडतात आणि उंच काही असेल तिथे अडकतात. त्या देशात सगळ्यांत उंच होती ती राजाची भिंत. तिच्या बाहेरच्या अंगाला काटेरी झुडपावर लोकर अडकते तसे करडे पुंजके लागलेले असत. राजाला कारभारी सांगत, शेवाळ आहे. भिंतीच्या पायथ्याशी आल्द नावाची जादूगारीण राहत होती. ती ते पुंजके वेचून चरख्यावर कातत असे.

"या," ती म्हणाली. "वीस वर्षांचा माल आहे. घरात पाय ठेवायला जागा नाही उरली."

"मला एक दोरा हवा आहे."

"सोन्याची लिली द्या."

राजा उंबऱ्यावर बसला. सावल्या लांबू लागल्या, तरी तो बसूनच होता. मुलगा गेला होता, तब्येत गेली होती, काल पोरीच्या नजरेतूनही तो उतरला होता. नाव तेवढे उरले होते. तेही दिले तर एमरिक म्हणून मागे काय राहणार? आल्दने घाई केली नाही. ती चरखा फिरवत राहिली, आणि राजा तिच्या बोटांतून जाणारा करडा धागा पाहत राहिला. त्यातला एक शब्दही त्याला ऐकू येत नव्हता. दिवस कलता कलता तो उठला, महालात गेला, लिली आणून तिच्या पुढ्यात ठेवली.

आल्दने ती चिमट्यात धरली, चुलीवर वितळवली आणि आपल्या किटलीच्या भोकावर ओतली. "गळत होती मेली," ती म्हणाली.

दोरा घेऊन राजा वेशीवर आला. पहारेकऱ्याने भाला आडवा धरला. "कोण रे बाबा तू?" राजाने नाव सांगितले. पहारेकऱ्याने डोके खाजवले, ऐकल्यासारखे वाटत नाही म्हणाला, आणि म्हातारा पाहून सोडून दिले.

आता झगा. राजा बंदराच्या वाटेला लागला. नाव नव्हते, म्हणून घोडा मिळाला नाही, चालत निघाला. वाट अकरा दिवसांची. तिसऱ्या दिवशी जोड्याचा तळ सुटला. पाचव्या दिवशी त्याने अंगरख्याच्या चिंध्या फाडून पायांना बांधल्या. सातव्या दिवसाच्या वाटेवर पाणीच नव्हते. अकरा दिवस चालत आले, असे ओदील म्हणाली होती. त्याने ते ऐकले होते, पण अकरा दिवस म्हणजे काय ते त्याला आता कळत होते. वाटेत तो एकदा मोठ्याने म्हणाला, "मी तिला बस तरी म्हणायला हवं होतं."

त्या समुद्रात बुडालेली जहाजे दर वर्षी थोडीथोडी घराकडे सरकतात. वीस वर्षांत ती बंदराच्या तोंडाशी आली होती, आणि वर्षातून एकदा, मोठ्या ओहोटीच्या सकाळी, उघडी पडत. राजा पोचला ती तीच सकाळ होती. चिखल तुडवत तो जहाजांमधून चालला. खलाशी आपापल्या वल्ह्यांशी बसलेले होते. कुणी त्याच्याकडे पाहिले, कुणी नाही. सगळ्यांत पुढे रेनिएचे जहाज होते. त्याच्या तळाशी एक सुतार वाकून फळ्यांच्या फटीत काथ्या ठोकत होता, वीस वर्षे ठोकत होता. पुढच्या टोकाला, नाळेवर, रेनिए बसला होता. अजून एकोणीस वर्षांचा. खांद्यावर निळा झगा.

राजाला त्याला पोटाशी धरायचे होते. पण तो मागायला आला होता, आणि मागणाऱ्याची रीत त्याला ठाऊक होती. तो चिखलात गुडघे टेकून बसला आणि मुलाच्या झग्याचा काठ त्याने मुठीत धरला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने कुणाचा काठ धरला होता.

"बोला," रेनिए म्हणाला.

"हा झगा मला परत हवा आहे. तुझ्या अंगावर दुसरं काही नाही, हे मला दिसतं आहे. तरी मागतो आहे. तिफेनला ऐकू यावं म्हणून मागतो आहे."

रेनिएने शेवटपर्यंत ऐकले. राजाने काठ सोडला तेव्हाच तो बोलला.

"तिफेन कशी आहे?"

"तुझ्यापेक्षा मोठी झाली."

रेनिए झगा सोडू लागला. "ती बाई त्या दिवशी काय म्हणत होती, कळलं का तुम्हाला?"

"नाही."

"मला कळलं. चौथ्या दिवशी." त्याने झगा उतरवला आणि बापाच्या खांद्यावर घातला. "पण ते तिनंच सांगायचं आहे. जा, बाबा, भरती येते आहे."

राजा निघाला. पाणी घोट्याला लागले, मग गुडघ्याला. मागून काथ्या ठोकल्याचा आवाज येत होता, आणि मग आला नाही.

अकरा दिवसांनी तो परतला तेव्हा ओकची पाने पिवळी पडली होती. वेशीवर तिफेन उभी होती. नाव पुसले गेले तरी लेक बापाला विसरली नव्हती. तेवढी जादू सोन्याच्या फुलात नसते. तिने त्याचे पाय पाहिले. काही विचारले नाही, सोबत चालत आली.

राजाने आपल्या हातांनी गुलाबाची झुडपे उपटली. काट्यांनी हात सोलले. मागे ओदील बसली होती, दगडाच्या मुठीत कापडाचा तुकडा. राजाने सुईत दोरा ओवायला घेतला. नजर मंद होती. दहा वेळा चुकला. तिफेनने हात पुढे केला, आणि कबूतर फांदीवरून म्हणाले, "नाही." मग ती मागे सरली. राजाने कधी बटणसुद्धा लावले नव्हते. त्याने धावदोरा घातला, वाकडातिकडा, एक टाका लांब, एक आखूड. प्रत्येक टाक्याला दोरा कण्हल्यासारखा वाटे. एकवीस टाके पडले. मग त्याने झगा अंगावर घेतला आणि ओकखाली बसला.

दगडाच्या मुठीला ऊब आली. बोटांचा रंग बदलला. ओदीलने तोंड उघडले, आणि जिथे वाक्य तुटले होते तिथूनच ती पुढे बोलू लागली.

"...ते माझं गाऱ्हाणं नाहीये, महाराज. तुमच्याच कामाचं आहे. जहाजांचं लाकूड यंदाच्या वसंतात तोडलंय. झाडांत रस चढलेला असताना. ते ओलं आहे. वर रंग दिलाय म्हणून दिसत नाही. बंदराच्या अधिकाऱ्याला तुमची तारीख गाठायची होती. माझा नवरा बोलला की असं करू नका, तर त्यालाच धरून राजपुत्रांच्या जहाजावर चढवलं. म्हणाले, फट पडली तर तूच बुजव. म्हणून मी चालत आले. समुद्रात चौथ्या दिवशी सांधे उघडतील, महाराज. राजपुत्रांचं जहाज शेवटी बांधलंय, ते सगळ्यांत ओलं. एक हिवाळा थांबा. एवढंच म्हणणं आहे. फळ्या सुकू द्या. मग जा तुम्हाला जायचंय तिकडं."

तिने मूठ उघडली, काठ सोडला. "झालं माझं."

ओकखाली एक पान वाजत नव्हते. राजाला प्रत्येक शब्द ऐकू आला होता. वीस वर्षे तो समजत होता की ती आपल्या माणसासाठी रडायला आली होती. ती त्याच्या मुलासाठी आली होती. एवढे बोलायला किती वेळ लागला? घोड्याला पाणी पाजायला लागतो तेवढा.

"महाराज," ओदील त्याच्या चेहऱ्याकडे पाहत म्हणाली, "तुम्ही एकदम असे म्हातारे का दिसायला लागलात?"

निवाडा द्यायचा होता. ओकखाली आता खोटे बोलायचे नव्हते.

"ओदील," राजा म्हणाला, "तुझं म्हणणं खरं आहे. दोष राजाचा आहे. बंदराच्या अधिकाऱ्याचा नाही, समुद्राचा नाही. राजाचा."

"मग जहाजं थांबवाल ना?"

तिफेनला वाटले, बाबा आता मान डोलावतील. त्याने डोलावली नाही.

"जहाजं गेली," तो म्हणाला. "वीस वर्षं झाली. तू सांगितलंस तशीच झाली, चौथ्या दिवशी. सदतीस बुडाली. माझा मुलगा गेला. तुझा नवरा त्याच्याच जहाजावर आहे, मी त्याला पाहिलं. तो अजून फटी बुजवतो आहे."

ओदीलने झग्याकडे पाहिले, वाकड्या टाक्यांवरून बोट फिरवले. मग आपल्या हातावरची दगडाची धूळ झटकली आणि उठली.

"अकरा दिवसांची वाट आहे," ती म्हणाली. "निघते मी."

"क्षमा कर," राजा म्हणाला.

ती थांबली. "माझं ऐकलंत तेव्हा मूठ सुटली, महाराज. त्याहून जास्त माझ्यापाशी नाही." आणि ती बंदराच्या वाटेने गेली. पुढच्या वर्षीच्या मोठ्या ओहोटीला लोकांनी पाहिले, राजपुत्राचे जहाज तिथे नव्हते. फटी बुजल्या असतील.

ओदील वळणाआड गेली तशी राजधानीच्या भिंतीवरून करडे पुंजके सुटले आणि हवेत आवाजच आवाज झाले. वीस वर्षांची गाऱ्हाणी एकदम बोलू लागली. पाणी, बांध, मारहाण, हरवलेली गाय, लोहाराच्या बापाचा आवाज. तिफेनने दोन्ही कानांवर हात ठेवले, मग काढले. "ऐकू येतंय," ती म्हणाली, आणि आता मात्र रडली. राजालाही सगळे ऐकू येत होते. तो तिथेच बसून ऐकत राहिला, आणि एकाही गाऱ्हाण्यापाशी त्याने नजर वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिफेनला राज्याभिषेक झाला. कबूतराने कानांना तेल लावले. तिच्या अंगावर तोच झगा होता, समुद्राचे मीठ लागलेला. पहिला फिर्यादी पुढे आला. पायांना चिंध्या बांधलेला एक म्हातारा, ज्याचे नाव गर्दीत कुणाला माहीत नव्हते. त्याने वाकडे टाके होते तिथेच काठ धरला.

"राणीसाहेब," तो म्हणाला, "मी एक राजा होतो. मला न्यायी म्हणत. ते नाव खोटं होतं. आता लिली नाही, लोक आपोआप विसरले आहेत. माझं एवढंच मागणं आहे, त्यांना विसरू द्या. माझा दगड उभारू नका, पोथीत नाव लिहू नका. मला पुसून टाका."

त्याने काठ सोडला. तिफेनने शेवटपर्यंत ऐकले होते.

"मागणं ऐकलं," ती म्हणाली. "मागणं नामंजूर. तुम्हाला पुसलं तर ओल्या फळ्या पुसल्या जातील, ओदील पुसली जाईल. दगड उभारणार नाही, पोथीत लिहिणार नाही. पण हे तोंडी सांगितलं जाईल. ज्याला एमरिकचं नाव घ्यायचं असेल त्यानं ही सगळी गोष्ट सांगावी, पूल आणि भिंतीपासून काठापर्यंत. अर्धी सांगायला बंदी आहे."

म्हाताऱ्याने मान खाली घातली. डोलावली नाही, नुसती खाली घातली. मग तिफेन गादीवरून उतरली आणि त्याला हाताला धरून घरी घेऊन गेली. ओकचे शेवटचे पान गळले त्या दुपारी तो गेला. त्याआधी किती तरी दिवस तो खिडकीशी बसून रस्त्यावरच्या लोकांचे बोलणे ऐकत असे, आणि कुणी भांडत असले तरी खिडकी लावू देत नसे.

तिफेनने बराच काळ राज्य केले, आणि चांगले केले. तिच्यानंतरचे राजेही तोच झगा घालत. शिंप्यांनी किती वेळा म्हटले, हे एकवीस टाके उसवून नीट घालून देतो. एकाही राजाने घालू दिले नाहीत. ओकखाली तलवार आणायची बंदी झाली, ती शेवटपर्यंत टिकली. पुढे भिंत पडली, पूल वाहून गेले, ओकही गेले. निवाडा तेवढा उरला, आणि तो माझ्यापर्यंत आला. मी त्याला बांधलेला आहे, म्हणून मी अर्धी सांगितली नाही.

तुम्ही उठला नाहीत, वाऱ्याकडे पाहिले नाहीत. झाले माझे बोलणे. हा तुमचा काठ सोडला.